अनिरुद्धचं नेमकं काय चुकलं?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी काहीतरी लिहून दे, म्हणून संपादक मंडळानं गेले तीन आठवडे माझ्यामागे धोशा लावलाय. विषय विचारला तर म्हणाले, "काहीही चालेल. फक्त 'पाऊस' आणि 'पहिलं प्रेम' नको, ते प्रत्येकी सहा आलेत." मी म्हटलं, मग मालिकांवर लिहिते. समोरच्याचा चेहरा असा झाला, जणू मी व्हायवाला एक्स्टर्नलसमोर गाईड उघडून बसलेय. "मालिका? अगं, त्या आपल्या आया बघतात!"

हो, बघतात. आणि बघून झाल्यावर भांडतात. मला लिहायचंय ते त्या भांडणाबद्दल. कारण चार वर्षं मी डहाणू रोडहून सकाळची गाडी पकडून कॉलेजला येतेय, आणि माणूस चुकतो म्हणजे नेमकं काय करतो, याबद्दलचं सगळ्यात बारकाईचं बोलणं मी लेडीज डब्यात ऐकलंय. (प्रोफेशनल एथिक्सची लेक्चर्स आम्ही बंक केली, त्याचा अर्थातच याच्याशी काही संबंध नाही.)

2013च्या एप्रिलमध्ये विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल आली. पण आमच्याकडची जुनी माणसं अजूनही तिला शटलच म्हणतात. डब्यात शाळेच्या बाई असतात, पालघरच्या दवाखान्यातल्या सिस्टर असतात, बोईसरला उतरून तारापूर एमआयडीसीत जाणाऱ्या मुली असतात, भाजीच्या टोपल्या असतात आणि एका कोपऱ्यात सबमिशनच्या फायली मांडीवर घेऊन उरलेलं रायटिंग उरकणाऱ्या आम्ही. वाणगाव येईपर्यंत सगळ्या पेंगत असतात. बोईसरला गर्दी चढली की जाग येते आणि मग कुणीतरी विचारतं, "काल बघितलंत का?"

मी पहिल्या वर्षाला होते तेव्हा, म्हणजे 2023 साली, 'काल बघितलंत का' याचा अर्थ एकच होता. 'आई कुठे काय करते'. ज्यांनी पाहिली नाही (म्हणजे आईच्या मागे उभं राहून पाहिली, पण कबूल करणार नाहीत), त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अरुंधती आणि अनिरुद्ध देशमुख, 'समृद्धी' नावाचा बंगला, तीन मोठी मुलं, सासू-सासरे, पंचवीस वर्षांचा संसार. अनिरुद्धचं ऑफिसातल्या संजनाशी प्रेमप्रकरण असतं. ते उघडकीला येतं, घटस्फोट होतो, अनिरुद्ध संजनाशी लग्न करतो. पुढे अरुंधतीच्या आयुष्यात तिच्या कॉलेजच्या काळातला आशुतोष येतो आणि ती त्याच्याशी लग्न करते. मालिका 2019च्या डिसेंबरात सुरू झाली आणि 2024च्या नोव्हेंबरात संपली. म्हणजे आमची सगळी इंजिनीअरिंग त्याहून लवकर आटपते, केट्या धरूनसुद्धा!

तर अरुंधतीच्या दुसऱ्या लग्नाच्या आठवड्यात आमचा डबा फुटला. शाळेच्या बाई म्हणाल्या, "घटस्फोट घेतला, बरोबर केलं. गाते, कमावते, बरोबर आहे. पण लग्न कशाला? घरात सून आलीय."

सिस्टर म्हणाल्या, "बाई, पुरुषाचं दुसरं लग्न असतं तर तुम्ही सुना मोजल्या असत्या का?"

डब्यात हशा. मग खिडकीशी बसणाऱ्या काकू, ज्या एरवी फक्त जप करतात, त्या म्हणाल्या, "त्यानं तरी काय केलं हो एवढं? दारू पिऊन मारलं का? पगार घरात दिला. आईबापाला टाकलं नाही. मन दुसरीकडे गेलं, तर ते काय विचारून जातं?"

यावर सफाळ्यापर्यंत जे झालं ते मला अक्षरशः लिहून काढावंसं वाटत होतं. कारण त्या बायकांनी अनिरुद्धची चूक उकलून दाखवली. मन दुसरीकडे गेलं ही चूक नाही, यावर बहुतेकींचं एकमत झालं (बाई सोडून). मग चूक कुठली? खोटं बोलला ही? का वर्षानुवर्षं दोन्हीकडे जेवला ही? का सगळं उघड झाल्यावरसुद्धा त्याला अरुंधतीनं पूर्वीसारखा डबा भरून द्यावा असं वाटत होतं, ही? सिस्टर म्हणाल्या, शेवटची. काकू म्हणाल्या, खोटं बोलणं. एमआयडीसीतली एक मुलगी म्हणाली, "त्याला वाटतं ती त्याचं घर आहे, माणूस नाही. बाकी सगळं त्याच्यातूनच आलं." ती बारावीपर्यंत शिकलेली, पॅकिंगला जाते. मी फाईल बंद केली आणि ऐकत बसले.

आणखी एक होत्या. पालघरला उतरायच्या. त्या कधीच फार बोलत नसत. पण कुणी संजनाला शिवी दिली की म्हणायच्या, "तिनंपण नवरा सोडला, मुलगा सोडला. तिनं काय कमी घालवलं?" एवढंच. दर वेळी हेच वाक्य. त्या संजनाची बाजू का घेतात, हे चार वर्षांत डब्यात कुणीही विचारलं नाही. बायकांना काय विचारायचं नाही हे बरोबर कळतं.

हे काही नवीन नाही. 1972 साली 'सखाराम बाइंडर' आलं, तेव्हा असंच आणि याहून मोठ्यानं भांडण झालं होतं. नवऱ्यानं टाकलेल्या बायकांना घरात आणून लग्नाशिवाय ठेवणारा सखाराम. तेंडुलकरांनी त्याला दुष्टही केलं नाही आणि चांगलाही केलं नाही, म्हणून तर लोक चिडले. सेन्सॉरनं अडवलं, कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि जिंकले. मग 1999 साली अल्फा मराठीवर 'आभाळमाया' आली. सुधा जोशी, शिकलेली, कमावती, आणि नवऱ्याचं बाहेर प्रकरण. माझी आई सांगते, त्या वेळी आमच्या आळीत दोन तट पडले होते. माझी आजी कुठल्या तटात होती ते आई अजून सांगत नाही.

आणि 'आई कुठे काय करते' तर मूळची बंगाली. 'श्रीमोयी' नावाची. तीच गोष्ट हिंदीत 'अनुपमा' झाली, तेलुगू, तमिळ, कन्नड, मल्याळममध्ये झाली. म्हणजे एकच नवरा अर्ध्या भारतात एकाच वेळी दोन्हीकडे जेवत होता आणि निरनिराळ्या भाषांतल्या बायका सकाळी गाडीत, बसमध्ये, नळावर त्याचा हिशेब करत होत्या. इतकं मोठं ग्रुप डिस्कशन आपल्या प्लेसमेंट सेलला जन्मात जमायचं नाही.

माझी तक्रार मालिका बघणाऱ्यांबद्दल नाहीच. लिहिणाऱ्यांबद्दल आहे. डब्यात जो अनिरुद्ध होता, तो मालिकेत टिकला नाही. सुरुवातीला तो ओळखीचा माणूस होता. आपल्या काकांसारखा, वर्गातल्या एखाद्या मुलाच्या बाबांसारखा. त्याला स्वतःची कारणं होती. पण मालिका लांबत गेली तसा तो नुसता कट करणारा, डोळे मोठे करणारा, दारामागे उभा राहून ऐकणारा झाला. 'माझ्या नवऱ्याची बायको'मधल्या गुरुनाथचं तर पार कार्टून झालं. एकदा माणूस खलनायक झाला की भांडण संपतं. शाळेच्या बाई, सिस्टर आणि काकू, तिघींचं एकमत! अशा दिवशी डबा इतका शांत असायचा की मला झोप यायची.

माझी मावसबहीण दहावीत आहे आणि थायलंडच्या मालिका बघते. हो, थायलंडच्या, खाली इंग्रजी अक्षरं वाचत. तिकडे त्यांना लकॉर्न म्हणतात आणि ती पंधरा-वीस भागांत संपते. त्यातली 2008 सालची एक जुनी तिनं मला बळंच दाखवली. त्यातला हिरो, भावाच्या आत्महत्येला हीच मुलगी जबाबदार आहे अशा समजुतीनं, भलत्याच मुलीला पळवून बेटावर नेतो, तिचे हाल करतो आणि मग दोघं प्रेमात पडतात. मी म्हटलं, "हा गुन्हेगार आहे, त्याला आत टाका." ती म्हणाली, "ताई, त्याला पश्चात्ताप होतो ना!" आम्ही दोघी या विषयावर रात्री एकपर्यंत भांडलो. माझं मत बदललं नाही. पळवून नेणं ते पळवून नेणं. पण भांडता आलं, कारण लिहिणाऱ्यानं त्याला मधेच सोडून दिला नव्हता. शेवट कुठे आहे हे त्याला माहीत होतं. आपल्याकडे शेवट टीआरपी ठरवतो.

खरं तर आपल्याकडे माणसाची चूक पडद्यावर उघडी ठेवायची भीतीच वाटते, आणि ही भीती आमच्या शेजारीच शूट झालीय. डहाणूहून गुजरातकडे निघालं की घोलवड, बोर्डी रोड आणि मग उंबरगाव. तिथल्या स्टुडिओत रामानंद सागरांचं 'रामायण' झालं. 1987-88 साली रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे, असं सगळे सांगतात. अग्निपरीक्षेचा प्रश्न तर हजारो वर्षांचा, घरोघर बायका विचारत आलेल्या. पण पडद्यावर तो आला तेव्हा खरी सीता आधीच अग्नीकडे ठेवलेली आणि समोर होती ती छाया. पुराणांत तशी कथा आहे, मला माहितेय, त्यांनी मनानं घातलं नाही. पण निवडताना तीच निवडली. 2020च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शननं ते परत दाखवलं, तेव्हा आमच्या घरी आजी म्हणाली, "छाया तर छाया, पण जळताना दिसली ती बाईच की." बाबांनी आवाज वाढवला. (टीव्हीचा.)

आता मूळ मुद्द्यावर येते, जो लिहायचा की नाही यावर दोन आठवडे गेले.

दुसऱ्या वर्षाला आपल्या कॉलेजात मराठी वाङ्मय मंडळानं वादविवाद स्पर्धा घेतली होती. विषय: 'मालिकांमुळे कुटुंबव्यवस्था ढासळत आहे'. मला अनुकूल बाजू आली. चिठ्ठीत निघाली, पण मी ती मन लावून मांडली, हे कबूल करायला हवं. मी म्हटलं, रोज संध्याकाळी घरात बसून आपण लग्न मोडताना बघतो, मग लग्नाची किंमत कशी राहील? मी म्हटलं, आज मालिकेत माणसं लग्नाशिवाय एकत्र राहताना दाखवतात, उद्या आपल्या घरात राहतील, आणि त्या घरात वाढणाऱ्या मुलांनी आईबाबांकडे कुठल्या तोंडानं बघायचं? इथे टाळ्या पडल्या. मी थांबले, पाणी प्याले (थांबायचं कुठे ते सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं), आणि पुढे बोलले. मला दुसरं बक्षीस मिळालं. सर्टिफिकेटवर माझं आडनाव चुकवलंय, तो भाग वेगळा.

स्टेजच्या मागे बॅकड्रॉपला वारली चित्र होतं. गोलात तारपा नाच. आपल्याकडे फेस्टला नेहमीच असतं, सोपं पडतं, पांढरा पोस्टर कलर आणि गेरू.

तिसऱ्या रांगेत माझी मैत्रीण बसली होती. ती तलासरी तालुक्यातली. डहाणूला सरकारी वसतिगृहात राहते, सकाळी माझ्याबरोबर गाडीला असते, माझ्यापेक्षा हुशार आहे आणि एम-थ्रीमध्ये मला तिनंच पास केलंय. त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत ती म्हणाली, "छान बोललीस." आणि खिडकीबाहेर बघत राहिली. पुढचे काही आठवडे ती बोलायची, पण कामापुरतं. जर्नल दे, गाडी लेट आहे, उद्या लेक्चर नाही. मला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल.

मग एक दिवस केळवे रोडच्या आसपास गाडी सिग्नलला थांबलेली असताना ती सहज बोलावं तसं म्हणाली, "माझ्या आईबाबांचं लगीन मी सातवीत असताना झालं. मी पाणी भरलं होतं. मांडवाची पानंपण मीच आणली."

मला काय बोलावं कळेना. मी अत्यंत मूर्खासारखं विचारलं, "म्हणजे दुसरं लग्न?"

"नाही गं. पहिलंच."

डहाणू-तलासरीकडच्या वाचकांना हे नवीन नाही, पण कॉलेजात बाकीचे जे लांबलांबून आलेत त्यांच्यासाठी सांगते. वारली समाजात मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडली, घरच्यांनी मान्य केलं, की एकत्र राहायला लागतात. संसार सुरू होतो, मुलं होतात. त्यांना सगळे नवराबायकोच धरतात. लगीन मागाहून, पैसे जमतील तेव्हा. कारण लगीन म्हणजे सगळ्या पाड्याला जेवण, मुलीच्या घरी देज, पाहुणे, ताडी. त्यात लग्न लावते धवलेरी, म्हणजे बाई, गाणी म्हणत. आणि भिंतीवर सुवासिनी चौक काढतात, त्यात पालघट देवी. (आपल्या बॅकड्रॉपवरच्या चित्राचं मूळ घर हेच. लग्नाच्या भिंतीवरचं.) अजूनही इकडे सामूहिक विवाह होतात तेव्हा कडेवर पोर घेतलेल्या नवऱ्या असतात, आणि पेपरवाल्यांना त्याचं भारी कौतुक वाटतं.

आणि थांबून, पैसे जमवून लगीन करणं हे शहाणपण इथे सहज आलेलं नाही. पूर्वी लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेतले की तो माणूस आणि त्याची बायको, दोघं त्याच्या वाडीवर राबायला बांधली जायची. फेडता फेडता जन्म जायचा. त्याला लग्नगडी म्हणत. 1945 साली तलासरी तालुक्यातल्या झरी गावात वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करणार नाही असं ठरलं, त्यात हे लग्नगडीपण होतंच. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये सगळं आहे. मी ते पुस्तक त्यानंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं, लायब्ररीत स्पर्धा परीक्षांच्या कपाटाशेजारीच असतं.

म्हणजे बघा. माझ्या भाषणात 'लग्नाशिवाय राहणारी माणसं' हे उद्याचं संकट होतं, मालिकांनी आणलेलं. आणि माझ्याबरोबर रोज गाडीला असणाऱ्या मुलीच्या घरी ते पिढ्यान् पिढ्यांचं साधं जगणं होतं. गणितात तेच इक्वेशन, पण बाउंडरी कंडिशन बदलल्या की उत्तर बदलतं, एवढं आपल्याला सेकंड इयरला शिकवतात. मी पेपरात लिहिलं आणि विसरले.

मी माफी मागितली. ती म्हणाली, "तुला माहीत नव्हतं ना." मग थोड्या वेळानं म्हणाली, "पण टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्याकडचीपण दोघं-तिघं होती. त्यांना माहीत होतं." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्या घरी गेले. डहाणूहून एसटीनं तलासरी, तिथून टमटम. हायवे सोडून आत गेलं की भात कापून झालेली खाचरं आणि पेंढ्यांच्या राशी. तिचे बाबा गुजरातेत उंबरगावच्या जीआयडीसीत कामाला जातात, आई शेतावर. घर कारवीच्या कुडाचं, एक बाजू आता विटांची, वर डिशची छत्री. टीव्ही जुना. तो बघून मी हसले, तर ती म्हणाली, याला हसू नकोस, यानं भूकंप बघितलेत. 2018च्या नोव्हेंबरपासून धुंदलवाडीच्या बाजूला एकसारखे धक्के बसत होते, तेव्हा आसपासची माणसं थंडीत घराबाहेर झोपायची. यांनीही अंगणात ताडपत्री बांधली आणि वायर ओढून टीव्ही बाहेर आणला. जमीन हलतेय, कुत्री भुंकतायत आणि आठ वाजले की राधिका गुरुनाथला काय बोलते ते बघायला पाड्यातल्या बाया हजर!

आणि त्या बायांचं म्हणणं काय होतं? तिनं सांगितलं आणि मला पहिल्यांदा कळलं की आमचा डबा किती एका पट्टीत भांडतो. आमच्याकडे प्रश्न असतो, तिनं सोडावं का? तिथे हा प्रश्नच नव्हता. दोन वर्षं झाली, ही अजून गेली का नाही, असं त्या विचारत होत्या. नाही पटलं, काडीमोड. पंच बसतील, देज कुणी कुणाला द्यायचं ते ठरेल, आणि बाई दुसरीकडे नांदायला जाईल. त्यात रडण्यासारखं असतं, लपवण्यासारखं नसतं. त्यांच्या मते गुरुनाथची चूक वेगळीच होती. दुसरी आणली हे त्यांना फार लागत नव्हतं. आणलीस तर घरी सांगून आण, आणि पहिलीचं पोट, पोराचं पोट बघ. तो चोरून करतो आणि वर राधिकेच्या बोलण्याला, कपड्याला हसतो, हे त्यांना सहन होत नव्हतं. राधिका नागपूरकडची, तिची बोली वेगळी, आणि नवरा त्यावरून तिला गावंढळ म्हणतो. "आयला ते लय लागायचं," मैत्रीण म्हणाली. म्हणजे आईला. तिची आई बँकेत गेली की तिथे तिला तिच्या बोलण्यावरून काय काय ऐकावं लागतं, ते ती नंतर सांगत होती. ते इथे लिहीत नाही.

तिकडे सगळं बरं आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. तिच्या आईनं स्वतःच सांगितलं की मारणारे नवरे त्यांच्याकडेपण आहेत, आणि पंचांत बसतात ते पुरुषच. बाई सोडून जाते तेव्हा मूल बहुतेकदा बापाकडे राहतं. काडीमोड सोपी आहे याचा फायदा पुरुषही घेतात. हे ती शेंगा सोलत सांगत होती, आणि मी, दुसरं बक्षीसवाली, ऐकत होते.

पण माझा प्रश्न साधा आहे. 'समृद्धी' बंगल्यातली माणसं पाच वर्षं ज्या प्रश्नावर अडली होती, तो प्रश्न ज्यांनी निराळ्या तऱ्हेनं सोडवलाय ती माणसंही रोज साडेसातला तीच मालिका बघत होती. त्यांची बाजू घेणारं एकही पात्र त्यात का नव्हतं? मराठी मालिकेत वारली माणूस आलाच तर भिंतीवर येतो, चित्रात. घरातल्या एखाद्या भांडणात त्याचं मत विचारलंय असं मी तरी पाहिलेलं नाही. एखादी बाई, तलासरीची म्हणा, जव्हारची म्हणा, देशमुखांच्या स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली असती, "अरुंधतीताई, आमच्यात असं करतात," तर शाळेच्या बाई, सिस्टर, काकू आणि माझी मैत्रीण, चौघी चार बाजूंनी भांडल्या असत्या. मला ते भांडण बघायचं होतं.

वादविवाद स्पर्धेचं सर्टिफिकेट मी फाईलमध्ये ठेवलंय. प्लेसमेंटला दाखवावं लागतं. यंदा मंडळानं पुन्हा तसाच विषय ठेवला, तेव्हा मी प्रतिकूल बाजू मागून घेतली आणि पहिल्या फेरीतच बाद झाले. परीक्षक म्हणाले, उदाहरणं स्थानिक आहेत, व्यापक हवीत.

तर त्या दिवाळीत, रात्री. मालिका सुरू होती. मैत्रिणीची आजी खाटेवर बसली होती. पंच्याहत्तरीची असेल. ती स्वतः पहिला नवरा सोडून या घरात आलेली, हे मला तिनंच हसत सांगितलं होतं. संजना चिडून खोलीत गेलेली, अरुंधती आशुतोषच्या घरी, आणि अनिरुद्ध टेबलाशी एकटाच बसलेला. मागे नेहमीचं संगीत. आजीनं बराच वेळ बघितलं आणि मला विचारलं, "मग हा आता जेवतो कुठं?"

मी म्हटलं, घरीच जेवतो.

"रांधतं कोण?"

मला सांगता येईना. मैत्रीण म्हणाली, त्याची आई रांधत असेल. तिची आई म्हणाली, म्हातारीला लावतो होय कामाला, बघ, हीच त्याची खोड. मैत्रिणीचे बाबा बाहेरून म्हणाले, स्वतः का नाही रांधत, मी कंपनीत डबा स्वतःचा नेतो. त्यावर आई काय म्हणाली ते मला नीट कळलं नाही, पण बाबा गप्प झाले आणि आजी तोंडाला पदर लावून हसायला लागली. जाहिराती संपून मालिका परत सुरू झाली होती. तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.